एलिएसेरच्या मापाची पेटी

एलिएसेर तेवीस वर्षं दर कार्निव्हलच्या मंगळवारी मेला आणि तेवीसही वेळा बुधवारी सकाळी उठून, उपासांच्या पहिल्या दिवसाची राख कपाळाला लावून खुर्च्या विणायला बसला. चोविसाव्या खेपेला तो ऑगस्टमध्येच गेला. ना कार्निव्हल, ना मंगळवार. दोमितिलाला नवऱ्याचा पहिला राग आला तो याच गोष्टीचा. ज्या माणसाचा मरण्यात एवढा हात बसलेला, त्याला साधी तारीख पाळता येऊ नये?

बारांकिया शहरात कार्निव्हलचे चार दिवस नाचून, पिऊन, एकमेकांच्या तोंडाला मक्याचं पीठ फासून झालं की शेवटच्या दिवशी होसेलितो मरतो. होसेलितो म्हणजे खुद्द कार्निव्हलच. पिऊन पिऊन मेलेला, गावभरच्या बायकांना नादी लावलेला. दर गल्लीचा एक होसेलितो असतो. त्याला पेटीत घालून मिरवतात, आणि मागून मिशाळ बाप्ये काळे झगे घालून, छातीत फुगे खुपसून, मला टाकून कुठं चाललास रे म्हणत ऊर बडवत चालतात. खरी बायको कोण यावरून त्यांच्यात झिंज्या ओढायची पाळी येते.

एलिएसेर या गल्लीचा होसेलितो होता. दोमितिला त्याची खरोखरची बायको, म्हणजे त्या सगळ्या दाढीवाल्या विधवांत एकटीच बाई. तिचं रडणं ऐकायला तीन वस्त्यांतून माणसं यायची. ते रडणं तिला सासूकडून मिळालेलं, आणि त्याचा घरचा नियम एकच होता. मेलेल्याची खोटी स्तुती करायची नाही. सांगायचं ते खरं, आणि मोठ्यानं. त्यामुळे एलिएसेरने वर्षभरात जे जे केलं ते मंगळवारी चौकाचौकात जाहीर व्हायचं. मेव्हणीच्या लग्नात तो पाद्रीबुवांच्या मांडीवर डोकं ठेवून घोरला ते. मासळीच्या भातातले तुकडे आधीच वेचून खाऊन वरून भात सारखा करून ठेवला ते. एलिएसेर पेटीत पडून मुकाट ऐकायचा. नवऱ्यानं मुकाट ऐकून घेण्याचा तो वर्षातला एकच दिवस, म्हणून दोमितिला तो वाया जाऊ द्यायची नाही.

मेलेलं दिसण्यात एलिएसेरचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्याचा सराव वर्षभर चालायचा. दुपारी अंगणातल्या चिंचेखालच्या बाकावर हात छातीवर घेऊन पडायचा. मुंगी पापणीवरून चालत गेली तरी हलायचा नाही. एकच खोट होती. नाकावर पाणी पडलं की त्याला शिंक यायची. त्याचा जिवलग तिबुर्सिओ, धंद्याने सुतार, मंगळवारी बिशप व्हायचा. तो बादलीत पोछा बुडवून तीर्थ शिंपडायचा, आणि ते नेमकं नाकावर. मढं शिंकायचं आणि गल्ली हसून लोळायची. तेवीस वर्षं, तेवीस शिंका. एकदा तरी न शिंकता मरून दाखवीन, असं एलिएसेर दर बुधवारी म्हणायचा.

ऑगस्टच्या त्या रविवारी दोमितिला त्याला जेवायला उठवायला गेली. तो नेहमीसारखा बाकावर पडला होता. तिने दोन हाका मारल्या. मेल्या, आधी जेव, मग मर, असंही म्हणाली. मग हात ओलेच होते, ते त्याच्या नाकावर झटकले. तो शिंकला नाही. दोमितिला दोन पावलं मागं सरली, कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत राहिली आणि म्हणाली, “वा. जमलं की रे तुला.” तेवढ्यात आतून केळी करपल्याचा वास आला, म्हणून ती तव्याकडे धावली. अर्ध्या तासाने मुलगी, नुरिस, बापाचं ताट घेऊन बाहेर गेली आणि ताटासकट किंचाळली.

ते ‘वा’ दोमितिलाने कुणालाही सांगितलं नव्हतं. पाद्रीबुवांना सुद्धा नाही. त्यांच्यापुढं तिने दोन शेजारणींची निंदा केल्याचं पाप कबूल केलं आणि तेवढ्यावर भागवलं.

तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला शेजारणी हातात रुमाल घेऊन वाट बघत बसल्या आणि नवव्या दिवशी कॉफी पिऊन हिरमुसून घरी गेल्या. खोट्या मरणाला तेवीस वर्षं आकाश फाडणारी बाई, आणि खऱ्या मरणाला कोरडी ठणठणीत. कुणी म्हणालं साठा संपला. कुणी म्हणालं, बाईला पहिल्यापासून तो पेटीतच आवडायचा.

लोकांचं तिला काही वाटत नव्हतं. तिला खुपत होता तो उबाल्दो.

उबाल्दो तिचा थोरला. बस दुरुस्तीच्या कारखान्यात काम करणारा, सहा फूट उंच, आणि आईच्या हातची तीन ताटं मोजून चापणारा गडी. तो बाप गेल्यापासून तिच्या टेबलाला बसला नव्हता. दर रविवारी यायचा, दारातूनच आशीर्वाद मागायचा, जेवून आलोय म्हणायचा आणि उभ्या उभ्या निघून जायचा. सहा महिने. दोमितिलाने तूरडाळीचं सूप केलं, खारवलेलं मांस घालून. नारळाचा भात केला. वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि कुत्री दारात येऊन बसायची, पण उबाल्दो काही बसायचा नाही. तिला कारण ठाऊक होतं, किंवा आहे असं तिला वाटत होतं. पोराला कळलंय. मी केळी परतत बसले आणि त्याचा बाप बाहेर मरत होता, हे त्याला कळलंय.

नुरिस त्याच घरात राहायची आणि दोघांवरही चिडलेली असायची. ती सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायची. तिथंच तिने एका समुपदेशक बाईंना पकडलं आणि घरी धाडलं.

मिर्याम पाचोन ही वरच्या थंड डोंगरातली, तुन्हाकडची. बत्तीस वर्षांची, पाच फूट उंचीची, आणि बारांकियाच्या उकाड्यातही पिशवीत स्वेटर बाळगणारी. इतकी विनयशील की कुत्र्यालाही ‘आपण जरा सरकता का’ म्हणायची. गल्लीने तिला पहिल्याच दिवशी डॉक्टर करून टाकलं. ती डॉक्टर नाही असं तिने तिघांना सांगितलं, मग सोडून दिलं.

पहिल्या खेपेला तिने एक कागद काढला. कुटुंबाचा चिवटपणा मोजायचा कागद. बत्तीस प्रश्न, आणि उत्तरं पाच, ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत.

“संकटात आपलं कुटुंब एकमेकांशी मोकळेपणानं बोलतं का?” तिने विचारलं.

“बोलतं की,” दोमितिला म्हणाली. “गप्प बसलं असतं तर निम्मी संकटं आलीच नसती.”

मिर्यामने ‘नेहमी’वर खूण केली, मग खोडली. शेजाऱ्यांचा आधार मिळतो का, या प्रश्नाला दोमितिलाने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथं तिबुर्सिओ बाहेरून कान लावून उभा होता. असं करत एकोणिसाव्या प्रश्नापर्यंत गाडी आली. आपण सगळे एकत्र जेवता का? दोमितिला उठली आणि म्हणाली, दूध उतू चाललंय. चुलीवर दूध नव्हतं. मिर्यामला ते बसल्या जागेवरून दिसत होतं. तो प्रश्न तिने तसाच कोरा सोडला.

दुसऱ्या खेपेला तिने रिकाम्या खुर्चीचा उपाय सांगितला. समोर खुर्ची ठेवायची, त्यात गेलेलं माणूस बसलंय असं समजायचं आणि जे मनात राहिलं ते बोलून टाकायचं. दोमितिलाने एलिएसेरने विणलेली झुलती खुर्ची मांडली, समोर बसली, घसा साफ केला. तेवढ्यात तिबुर्सिओ आत आला, कामाने थकलेला, आणि धपकन त्या खुर्चीत बसला.

“भावजी, उठा. तिथं माणूस बसलंय,” दोमितिला म्हणाली.

तिबुर्सिओ ताडकन उठला, खाली बघितलं, पँट झटकली आणि खुर्चीची माफी मागितली. मग नुरिसला हसू फुटलं, मिर्यामलाही फुटलं, आणि उपाय तिथंच राहिला. या घरात रिकामी खुर्ची पाच मिनिटं टिकत नाही, हे दोमितिलाने डॉक्टरला समजावून सांगितलं. बारांकियात कुणाकडंच टिकत नाही.

जानेवारी सरत आला. वारा सुटला, ढोल सुरू झाले, आणि घरात भांडण पेटलं. नुरिसचं म्हणणं, बाबांची पेटी निघालीच पाहिजे. उबाल्दो दारात उभा राहून म्हणाला, बाबांची थट्टा पुरे झाली, ती पेटी फोडून जाळा. बोलताना तो आईकडे बघत नव्हता. दोमितिला दोघांच्या मधे मटार सोलल्यासारखी तूर सोलत बसली होती.

मिर्यामला विचारलं तेव्हा ती पुस्तकातलं बोलली. जखम ओली आहे, या वर्षी अंत्ययात्रा नको, त्रास होईल. उबाल्दोला ते पटलं. नुरिस ताट आपटून आत गेली. दोमितिलाने मान डोलावली, पण तिला ते पटलं नाही. का, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

चौथ्या खेपेला मिर्याम कागद न काढता अंगणात चिंचेखाली बसली. तिने एकच विचारलं. या घरावर याआधी कधी मोठं संकट आलं होतं का, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?

“फ्रीज गेला होता,” दोमितिला म्हणाली.

मग तिने सांगितलं. पाऊस लागला की इथल्या रस्त्याचा ओढा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका ऑक्टोबरात तो ओढा दारातून आत आला, गाद्या, रेडिओ, कोंबड्या आणि नवाकोरा फ्रीज घेऊन गेला. एलिएसेर गुडघाभर चिखलात उभा राहून बघत होता. फ्रीज वळणावर एकदा उलटला, दार उघडलं, आणि लोकांनी सांगितलं की फ्रीजने जाताना हात हलवला. घरात सगळे रडत होते. एलिएसेर आत आला, मेणबत्ती पेटवली आणि फ्रीजच्या नावानं नऊ दिवसांची प्रार्थना लावली. फ्रीजचा फोटो नव्हता म्हणून पावती चौकटीत घातली. रोज संध्याकाळी शेजारी यायचे, ज्यांच्या गाद्या गेल्या होत्या ते, ज्यांची भिंत गेली होती ते. नवव्या संध्याकाळी दोमितिला फ्रीजसाठी अशी रडली, तुझं दार कधी नीट लागलं नाही रे, तुझा बर्फ सगळा शेजाऱ्यांनीच खाल्ला रे, की लोक हसून हसून चिखलात बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून एकमेकांची घरं खरवडायला घेतली.

मिर्याम म्हणाली, “दोमितिलाबाई, मी चुकले.”

“कशात?”

“अंत्ययात्रा नको म्हणाले त्यात. तुमच्या घरात औषध आहे, आणि मीच ते बंद करायला सांगितलं. फ्रीजसाठी एवढं रडलात आणि त्यांच्यासाठी टिपूसही नाही?”

एका शिकल्यासवरल्या माणसाने चुकले म्हणावं, हे दोमितिलाने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून तिने मिर्यामला डॉक्टर म्हणायचं सोडलं आणि पोरी म्हणायला लागली.

उबाल्दोला भेटायला मिर्याम एकटीच कारखान्यात गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. दोमितिलाने आडून विचारलं, थेट विचारलं, मासळीचं सूप पाजून विचारलं. पोरगी हसायची आणि म्हणायची, ते त्यालाच विचारा. पण उबाल्दोचा निरोप आला. पेटीला खांदा देईन, रडणार मात्र नाही.

आता प्रश्न राहिला तो मढ्याचा.

पेटी तिबुर्सिओने बनवलेली, जुन्या कपाटाच्या फळ्यांची, आणि नेमकी एलिएसेरच्या मापाची. एलिएसेर पाच फूट एक इंच. उबाल्दोचे गुडघे बाहेर येत होते. तिबुर्सिओ लांबीत बसला, पण पोटामुळे झाकण लागेना. गल्लीतला एक नाभिक होता मापाचा, पण त्याने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, यात निजणारा आता खराच मेलाय, पहिल्यांदा जो निजेल त्याला तो घेऊन जाईल. मग ती भीती वाऱ्यासारखी पसरली आणि गल्लीतली सगळी बुटकी माणसं त्या आठवड्यात गावाला गेली. कुणीतरी पेंढ्याचा बाहुला सुचवला. दोमितिलाने साफ नाही म्हटलं. पेंढ्याने आयुष्यात काय गुन्हे केलेत, मी त्याला काय सुनावू?

सोमवारी दुपारी सगळे अंगणात डोकं धरून बसले होते. मिर्याम नेहमीसारखी आली, सगळ्यांना नमस्कार केला, कुत्र्यालाही केला. तिबुर्सिओने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग खिशातली सुताराची टेप काढली.

“भावजी, काहीतरीच,” दोमितिला म्हणाली.

“वहिनी, मरण ओळखीच्या माणसाला उचलतं. हिला इथं कोण ओळखतं?”

मिर्यामच्या पुस्तकात यावर काही नव्हतं. तिने स्वेटरची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि विचारलं, नेमकं काय करावं लागेल? काही नाही, तिला सांगण्यात आलं. पडून राहायचं, डोळे मिटायचे, आणि लोक काय वाटेल ते बोलतील तेव्हा मधे तोंड घालायचं नाही.

“म्हणजे माझंच काम,” मिर्याम म्हणाली.

मंगळवारी दुपारी तिला एलिएसेरचा पांढरा सदरा घातला, कोळशाने गाल काळे केले, दोराच्या मिशा चिकटवल्या, डोक्यावर वेताची टोपी. नाकात कापूस घालताना नुरिस म्हणाली, श्वास तोंडाने घ्या. चार वाजता पेटी निघाली. पुढच्या उजव्या खांद्याला उबाल्दो, आजीचा काळा झगा घालून, खांद्यावर उसवलेला, छातीत एक फुगा मोठा आणि एक लहान. त्याच्या मागं अकरा विधवा. सगळ्यांच्या पुढं तिबुर्सिओ, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, एका हातात पोछा आणि दुसऱ्यात बादली. गल्ली दोन्ही बाजूंनी भरली होती. डॉक्टरला पेटीत घातलंय ही बातमी आधीच पसरली होती, आणि दवाखान्यातले निम्मे लोक कामावरून सटकून आले होते.

दोमितिलाने सुरुवात नेहमीच्या शिव्यांनी केली. अरे कामचुकारा, अरे पोटभऱ्या, तू गेलास आणि तुझी अर्धवट विणलेली सहा खुर्च्यांची चवड माझ्या डोक्यावर ठेवून गेलास, गिऱ्हाइकं येऊन अधांतरी बसतात. लोक हसत होते. विधवा किंचाळत होत्या. आवाज लागला होता, पण आत काही हलत नव्हतं. तोंड आपलं आपण चालू होतं, भोपळा कापावा तसं. असं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलं. तिथं दरवर्षी पेटी टेकवून तीर्थ शिंपडायची पद्धत.

तिबुर्सिओने पोछा बुडवला, डोळे आकाशाकडे लावले, तोंडातल्या तोंडात लॅटिनसारखं काहीतरी पुटपुटला आणि नेम धरून मारला.

मढं शिंकलं.

काही साधीसुधी शिंक नाही. कापसाचे दोन बोळे बंदुकीतून सुटल्यासारखे उडाले, मिशांचं एक टोक सुटलं. गल्लीला जे हसू फुटलं ते कोपऱ्यापलीकडे ऐकू गेलं. चोविसावी शिंक झाली, असं कोणीतरी ओरडलं. मिर्यामने मात्र डोळे उघडले नाहीत. ती पुन्हा मरून पडली.

दोमितिला हसली नाही. ती पेटीच्या काठाला धरून उभी राहिली.

“त्या दिवशी तू शिंकला नाहीस,” ती म्हणाली.

लोक अजून हसत होते. ती मढ्याशी बोलत होती, रोजच्या आवाजात, स्वयंपाकघरातून बोलावं तशी.

“मी तुझ्या नाकावर पाणी मारलं आणि तू शिंकला नाहीस. आणि मी काय केलं? तुला वा म्हणाले. जमलं की रे, म्हणाले. तू मेलेला आणि मी तुझं कौतुक करत उभी. मग केळी करपायला लागली म्हणून आत गेले. तुझ्यापेक्षा मला केळ्यांची घाई. आणि ऐक, करपली ती करपलीच. तीही वाचवता आली नाहीत मला.”

केळ्यांवर मागच्या लोकांनी हसून घेतलं. पुढचे गप्प झाले. नुरिसने तोंडावर हात ठेवला. आणि पेटीच्या उजव्या बाजूने एक जाड, फाटका आवाज आला.

“मी फोटो काढला.”

दोमितिलाने मान वर केली. उबाल्दोचा एक फुगा पोटावर घसरला होता.

“कसला फोटो?”

“तू आत गेल्यावर मी आलो. मला वाटलं बाबा सराव करतायत. मी त्यांच्या छातीवर बिअरचा डबा ठेवला आणि फोटो काढला. कारखान्यातल्या सगळ्यांना पाठवला. होसेलितो यंदा लवकर मेला, असं लिहून.” तो थांबला. “सगळे हसले, आई. चाळीस माणसं हसली. तुझ्याकडे फोन नाही म्हणून तुला कळलं नाही. तुझ्यासमोर बसलो तर घास उतरत नाही माझा. तू वाढतेस, आणि मला तो डबा दिसतो.”

सहा महिने तिने सूप करकरून ओतलं होतं, पोराने आपल्याला गुन्हेगार ठरवलंय म्हणून. आणि हा घोडा त्याच अंगणात, त्याच बाकाशी, आपला वेगळा गुन्हा घेऊन बसला होता.

“दाखव,” ती म्हणाली.

“नको.”

“उबाल्दो, मी तुझी आई आहे आणि या माणसाची विधवा. दाखव.”

त्याने आजीच्या झग्याखालून फोन काढला. त्याला तो फोटो शोधावा लागला नाही. दोमितिलाने फोन लांब धरला, मग जवळ, मग पुन्हा लांब. चिंचेची सावली. बाक. एलिएसेर, हात छातीवर, आणि हातांवर लाल डबा. ती इतका वेळ बघत राहिली की मागच्या विधवांना काय करावं कळेना आणि त्यातल्या एकीने विडी पेटवली.

“हा डबा बंद आहे,” दोमितिला म्हणाली.

“काय?”

“बिअरचा डबा. उघडलेला नाही. गार होता?”

“बर्फातून काढलेला.”

दोमितिलाने फोन तिबुर्सिओकडे दिला. तिबुर्सिओने बघितला आणि हळूच डोक्यावरचा बिशपचा मुकुट काढला.

“एलिएसेर,” दोमितिला म्हणाली, “छातीवर गार बिअर, बंद, आणि हा पडून राहील? रविवारी दुपारी? अरे, तो खरोखरचा अर्धा मेला असता तरी त्या गारव्याने उठून बसला असता. तू डबा ठेवलास तेव्हा तो नव्हताच रे, बाळा. तू लाकडावर ठेवलास तो डबा.”

उबाल्दो खाली बघत उभा होता. नाक पुसायला त्याने फुगाच वापरला.

“मग पाण्याला कसे शिंकतील?” तो म्हणाला.

“कोण?”

“बाबा. तेवीस वर्षं नाही जमलं त्यांना. एका रविवारी एकदम जमेल होय? तू पाणी मारलंस त्याच्या आधीच गेले होते ते, आई.”

हे इतकं सरळ होतं की सहा महिन्यांत तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. खरं होतं की नाही, देव जाणे. डॉक्टरी हिशेब काय निघाला असता कुणास ठाऊक. पण एलिएसेरला ओळखणाऱ्या दोन माणसांनी तो असा लावला होता, आणि तिसऱ्याने, तिबुर्सिओने, मुकुट उतरवला होता. दोमितिलाने पेटीच्या काठावर कपाळ टेकलं आणि ती रडली. त्यात शब्द नव्हते, शिव्या नव्हत्या, चाल नव्हती. नाक वाहणारं, हुंदके देणारं, कुरूप रडणं. नुरिस तिला येऊन चिकटली आणि उबाल्दोने दोघींवर आपला उसवलेला झगा पसरला. किराणा दुकानदार त्या मोहल्ल्यात नवा होता. त्याला वाटलं हाच खेळाचा कळस. त्याने टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्या गल्लीने वाजवल्या. असं रडणं आजवर झालं नाही, असं लोक पुढं वर्षभर सांगत होते.

पेटी पुरायची राहूनच गेली. तिघं तशीच एकमेकांना धरून घराकडे चालू लागली, त्यांच्या मागं विधवा, विधवांच्या मागं ढोल. अंगणात पोचल्यावर तिबुर्सिओच्या लक्षात आलं की बादली आहे, पोछा आहे, पण मढं नाही. तो पळत कोपऱ्यावर गेला. पेटी दुकानासमोर तशीच होती, आणि मिर्याम तिच्यात हात छातीवर घेऊन पडलेली. उठा असं कुणी म्हणालं नव्हतं म्हणून ती उठली नव्हती. गालांवरच्या कोळशात दोन पांढरे ओघळ पडले होते.

“डॉक्टर, झालं,” तिबुर्सिओ म्हणाला.

“नक्की?” मिर्यामने डोळे मिटूनच विचारलं.

ती आली तेव्हा दोमितिला चुलीशी होती. टेबलापाशी नुरिस बसली होती, आणि एलिएसेरच्या झुलत्या खुर्चीत, मावत नसताना कोंबून घेतलेला, काळ्या झग्यातला उबाल्दो. दोमितिलाने त्याच्यापुढं पहिलं ताट ठेवलं. मग मिर्यामकडे बघून म्हणाली, “तुझा तो कागद कुठाय, पोरी?”

“घरी राहिला.”

“बरं झालं. बस. मिशा काढ आधी, सुपात पडतील.”

उबाल्दोने सूप संपवलं, भात संपवला. मग तळलेल्या केळ्याचा तुकडा उचलला, उलटा करून बघितला आणि म्हणाला, “आई, हे करपलंय.”

“दिसतंय मला,” दोमितिला म्हणाली. “खा.”

त्याने खाल्लं आणि दुसरं ताट पुढं केलं.